अंगावर पिणाऱ्या बाळाला रिफ्लक्सचं (पोटातलं दूध वर येण्याचं) औषध द्यावं का? माझं मत: नको

तान्हुल्याची_आई
लेक सात आठवड्यांचा आहे, फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीच नाही. पिऊन झालं की दूध टाकतोच, कधी दह्यासारखं फुटलेलं, कधी नाकातूनसुद्धा, खांद्यावरचं दुपटं दिवसात आठ-नऊ वेळा बदलते आणि तो आंबूस वास आता माझ्या केसांतच बसलाय. संध्याकाळी सहा ते नऊ रडारड वेगळी. जन्माचं वजन 2.9 किलो, परवा 4.4 भरलं. तरी डॉक्टरांनी पाच मिनिटांत रिफ्लक्स म्हणून डोमपेरिडोनचे (उलटीवरचे) थेंब आणि पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध महिनाभर लिहून दिलं. नवरा म्हणतो दिलंय तर द्यायचं, आई म्हणते दूध टाकणारं पोर बाळसं धरतं. दोन्ही बाटल्या सील न तोडता फ्रिजवर आहेत. मला वाटतं देऊ नये. कोणाला वेगळं वाटत असेल तर सांगा, भांडायला तयार आहे.

नाशिकची_मावशी
अगं दीड किलो वाढलाय की सात आठवड्यांत! म्हणजे रोज तीस ग्रॅम, अजून काय हवं. या वयात अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली असते, त्यात दिवसभर आडवं आणि पोटात सगळं पातळच, मग वर येणारच. चार महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त टाकतात आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप थांबतं. एक कर, दोन चमचे दूध फडक्यावर ओतून बघ केवढा डाग पडतो ते. मला वाटायचं पोरीने सगळंच बाहेर काढलं, ते निघालं दोन चमचे!

बाबा_ऑन_ड्यूटी
म्हणजे डॉक्टरने शिकून काही उपयोग नाही, फडक्यावर दूध ओतलं की झालं निदान? तीन तास पोर किंचाळतं तेव्हा आई पण रडत असते हो, मी बघितलंय. आमच्याकडे औषध सुरू केलं आणि दोन आठवड्यांत रडणं निम्म्यावर आलं, मला तेवढं पुरे.

औषधाचं_दुकान
दादा, तुमचं बाळ तेव्हा किती आठवड्यांचं होतं? कारण रडणं सहा आठवड्यांच्या सुमारास शिगेला जातं आणि मग तसंही उतरतं, श्रेय बाटलीला मिळतं. 2009 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, एक वर्षाच्या आतली 162 बाळं, निम्म्यांना लॅन्सोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारं औषध, आणि निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं. दोन्हीकडे 54 टक्के बाळांना बरं वाटलं, अगदी सारखं. वर खऱ्या औषधवाल्यांमध्ये छातीचे इन्फेक्शन जास्त निघाले, पोटातलं ॲसिड जंतू मारतं ते उगाच नाही. आणि हे औषध दूध वर येणं थांबवतच नाही, तेवढंच येतं, फक्त आंबट कमी.
डोमपेरिडोनचं तर अजून एक. आमच्याकडे त्याचे थेंब असतात एका मिलीत 10 मिलिग्रॅमचे आणि सिरप असतं एका मिलीत 1 मिलिग्रॅमचं. खोकं बदललं आणि मिली तेच ठेवलं तर डोस दहापट, आणि हे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकणारं औषध आहे. काउंटरवर उभा राहून हा घोळ होता होता वाचलेला बघितलाय म्हणून सांगतो.

दोन_पोरांची
मी उलट्या बाजूची. मोठीला सगळे नॉर्मल आहे नॉर्मल आहे म्हणत राहिले, सासूबाई, शेजारी, दोन डॉक्टर. ती दोन घोट प्यायची, पाठ धनुष्यासारखी ताणायची आणि सोडून द्यायची, भूक असून पीत नव्हती. तिसऱ्या महिन्यात वजन हललंच नाही. मग दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा अन्ननलिका आतून लाल, सुजलेली. औषध दिलं, दहा-बारा दिवसांत नीट प्यायला लागली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या अभ्यासातली बाळं रडण्या-ओकण्याच्या लक्षणांवरून घेतलेली होती ना, दुर्बिणीने बघून नाही. मग तो माझ्या पोरीला कसा लावता? औषध नकोच हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

औषधाचं_दुकान
ताई, तुमच्या पोरीला द्यायलाच हवं होतं, सुजेसाठीच ते औषध आहे. माझं म्हणणं गुटगुटीत पोरांबद्दल आहे.

दोन_पोरांची
मग तसं लिहा. कारण तिसरी कोणीतरी वाचते, जिचं बाळ सुकत चाललंय, आणि ती पण फडक्यावर दूध ओतत बसते. आणि हिरवी उलटी, रक्त, फवाऱ्यासारखी लांब उडणारी उलटी, लघवीचे लंगोट कमी होणं, यातलं काही असेल तर तडक दवाखाना. तान्हुल्याच्या आई, तुझा पाठ ताणतो का पिताना?

लीड्सची_वहिनी
इकडे इंग्लंडमध्ये डोमपेरिडोन 2019 पासून बारा वर्षांखालच्यांना देत नाहीत. माझा धाकटा असाच, पण आधी एकजण घरी येऊन मी पाजते कशी ते बघून गेली. मग पावडर दिली दूध घट्ट करायची, ती काढलेल्या दुधात कालवून पाजायची, त्याने शी दगड झाली, बंद केली. शेवटी मी तीन आठवडे दूध, दही, पनीर, तूप सगळं सोडलं. बाळंतिणीने तूप सोडायचं म्हणजे आईने फोनवर सुतकच पाळलं! पण पुरळ आणि शेंबडी शी पण होती त्याला, आणि परत दही खाल्लं तेव्हा दोन दिवसांत सगळं परत आलं, म्हणून कळलं की माझ्या खाण्यातलं दूधच त्याला सोसत नव्हतं. नुसतं दूध टाकतो म्हणून उपाशी राहू नकोस.

आजोबा_साताऱ्याचे
मुरुडशेंग आणि वेखंड उगाळून चाटवा, आमची चारही त्यावर वाढली.

नाशिकची_मावशी
आजोबा, सहा महिने अंगावरचंच द्यायचं म्हटल्यावर सहाणेवरचं पण नको.

तान्हुल्याची_आई
पाठ ताणत नाही, पण पिताना पहिल्या मिनिटाला ठसका लागतो आणि गटागटा गिळतो. कालच परत गेले, यावेळी म्हटलं माझं पाजणं बघा मग लिहा. त्यांनी खरंच बघितलं, आणि म्हणाले पान्हा जोरात आहे, हवा गिळतोय. मागे रेलून पाजायचं, मध्ये थांबून ढेकर काढायची, वीस मिनिटं उभा धरायचा, पण झोपवायचा मात्र सपाट आणि पाठीवरच, उशी-बिशी नाही. थेंब स्वतःच खोडले. दुसऱ्याचं म्हणाले दोन आठवड्यांनी वजन बघू मग ठरवू. दोन_पोरांची, तुझा मेसेज त्यांना वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली.
दूध अजून टाकतोच. नवऱ्याने ती बाटली फेकू दिली नाही, एक्स्पायरी 2027 ची आहे म्हणतो.