केसगळती आणि 'त्या' तक्रारी : ऑनलाइन डॉक्टर की मिरजेचा दवाखाना?

विश्रामबागकर
विषय अवघड आहे, पण इथं कुणाला कुणाचं नाव माहीत नाही तर मोकळं बोलू. माझं मत, केस गळणं, ताठरता कमी होणं, लवकर आटपणं असल्या तक्रारींना सांगलीसारख्या गावात ऑनलाइन डॉक्टरच बरा. गणपती पेठेत मेडिकलवर चिठ्ठी पुढं करायची म्हटलं की काउंटरवरचा वडलांच्या ओळखीचा निघतो, शेजारी मास्तरांची सून उभी असते, मग माणूस डोकेदुखीची गोळी घेऊन परत येतो. दवाखान्यात वेटिंगला बसलं तरी चार जण विचारणार, काय रं काय झालं. त्यापेक्षा घरात दार लावून व्हिडिओ कॉलवर बोललं आणि कुरिअरनं साधा खोका आला तर वाईट काय? विरोध असेल तर सांगा, आणि ऑनलाइन कंपनी निवडायचीच झाली तर काय बघून निवडायची तेपण.

मिरजेचा लॅबवाला
माझा विरोध. वानलेस या मिशनरी डॉक्टर साहेबानं १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला तेव्हापास्नं लोक पार कर्नाटकातनं इथं येतायत, आणि आपण इथंच राहून फोनवर गोळ्या मागवायच्या व्हय? ताठरतेची तक्रार बऱ्याचदा रक्तवाहिन्यांची असते. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळं चरबी साचायला लागली की आधी तिथं कळतं, छातीत दुखायच्या काही वर्षं आधीसुद्धा. आता चाळिशीचा माणूस, पोट सुटलंय, शुगर कधी तपासली नाही, त्यानं फॉर्म भरला, गोळी आली, काम झालं, गडी खूश. आतलं दुखणं तसंच चालू. उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल सगळं एका सुईत होतं इथं. फोनवर बीपी कोण बघणार भावा?

साताऱ्याची नर्स
मी बाई आहे म्हणून हाकलू नका, कामाचं सांगते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बऱ्याच जणांच्या खिशात असते. ती नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, एकत्र झाली की बीपी धाडकन खाली येतं, जिवावर बेततं. टॅडालाफिल या तसल्याच दुसऱ्या गोळीचा परिणाम तर दीड दिवसापर्यंत राहतो, म्हणजे परवा रात्री घेतली असेल तरी कॅज्युअल्टीत आल्यावर सांगायलाच लागतं, आणि बायको, मेव्हणा शेजारी उभे असताना कोण सांगतंय? त्यामुळं ऑनलाइन घ्या नाहीतर मिरजेत घ्या, माझं भांडण नाही, पण समोरच्यानं हृदयाच्या गोळ्यांचं स्वतःहून विचारलं नाही तर तिथनं उठा. नुसती टिकमार्कची चौकट म्हणजे विचारणं नव्हे, लोक न वाचता टिक करत सुटतात.

कराडचा मेडिकलवाला
लॅबवाले दादा, तुम्ही ऑनलाइनची तुलना मिरजेच्या एमडीशी करताय. खरी तुलना आमच्या काउंटरशी आहे. शेड्यूल एच ची गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही हा कायदा, पण रात्री शटर ओढताना गिऱ्हाईक येतं, आजूबाजूला बघतं, 'ती द्या की एक' म्हणतं, नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातं आणि तिथं मिळते. ना शुगर विचारली, ना बीपी, ना सॉर्बिट्रेट. त्याच्याही खाली गेलं तर हायवेकडेचे जडीबुटीचे तंबू आणि भिंतीवरच्या 'मर्दानी ताकद' वाल्या जाहिराती, ज्यांना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि तरी रंग ताजाच असतो. यांच्यापुढं एखादा नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर पाच प्रश्न विचारत असेल तर मी त्याच्याच बाजूनं.

मिरजेचा लॅबवाला
पाच प्रश्न विचारत 'असेल' तर ना. निम्म्या ठिकाणी डॉक्टर दिसतच नाही ओ, चॅटवर कोणतरी 'हाय सर' म्हणतं आणि किट गळ्यात.

विश्रामबागकर
मग तसली ठिकाणं सोडायची, ते तर मीपण म्हणतोय. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरनं उपचार करायचे, नियम आलेत, ते बघून निवडायचं. डॉक्टरचा नोंदणी नंबर चिठ्ठीवर पाहिजे. पहिल्याच वेळी नुसत्या चॅटवर असली गोळी लिहून देणं त्या नियमांत बसत नाही, व्हिडिओ लागतो. मशीननं परस्पर चिठ्ठी फाडायची नाही, डॉक्टरनंच द्यायची. आणि मला सगळ्यात आवडलेला मुद्दा म्हणजे औषध कुठनं घ्यायचं हे पेशंटनं ठरवायचं. म्हणजे चिठ्ठी पीडीएफमध्ये हातात पडली पाहिजे, वाटल्यास कराडच्या दादांकडनं जेनेरिक घेईन. जी कंपनी चिठ्ठी दाखवतच नाही, नुसता महिन्याचा खोका पाठवते आणि खात्यातनं पैसे कापते, ती दुकान आहे, दवाखाना नव्हे.

तासगाव टू पुणे
तुम्ही दोन वेगळे आजार एकाच पिशवीत भरताय. केसांसाठी ऑनलाइन चालतंय की. टक्कल फोटोत दिसतं, त्याला हात लावून बघायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. मिनॉक्सिडिल हे केसगळतीचं औषध लावायला सुरुवात केली की पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात हे मला व्हिडिओवरच्या डॉक्टरनं आधी सांगितलं म्हणून टिकलो, माझ्या रूममेटनं नुसतं ऐकून आणलं आणि घाबरून फेकून दिलं. पण ताठरतेचं लॅबवाल्यांशी सहमत, तिथं रक्त तपासल्याशिवाय नको.

साताऱ्याची नर्स
केसांचंही इतकं सोपं नाही बरं. फिनास्टेराइड या केसगळतीच्या गोळीनं काही पुरुषांची इच्छा कमी होते, ताठरतेवर परिणाम होतो. थोड्याच जणांना होतं, पण होतं. आणि मजा बघा, केसाच्या गोळीनं जे बिघडतं त्याची गोळीपण तेच ॲप विकतं, एकाच कार्टमध्ये! शिवाय घरात गरोदर बाई असेल तर तिनं फुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो, पोटातल्या मुलग्याला त्रास होऊ शकतो. पन्नाशीचे काका घेत असतील तर प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ताच्या टेस्टचा आकडा निम्म्यावर येतो, तपासणाऱ्याला माहीत नसेल तर नॉर्मल समजून सोडून देईल.

मिरजेचा लॅबवाला
ताई, बरोबर. अजून एक, त्या किटमधल्या बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. आम्ही विचारतो काय घेता, माणूस म्हणतो काय नाही. 'काय नाही' कारण खोका लपवून ठेवलेला. तुमची प्रायव्हसी प्रायव्हसी म्हणता ती अशी अंगावर येते. आणि टेस्टोस्टेरॉन, ते पुरुषी हार्मोन? पोरं जिम लावतात, दमल्यासारखं वाटतं म्हणून ऑनलाइन चौकशी करतात. ते मोजायला सकाळचं रक्त लागतं, कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत. आणि बाहेरनं घेतलं की शुक्राणू घटतात, ज्याला मूल पाहिजे त्यानं तर लांबच राहावं.

विश्रामबागकर
खोका लपवायला लागतो कारण तुमच्यासारखे लोक गावभर बोलतात ;) गंमत केली हां. पण तपासणीला माझा नकार कुठंय, रक्त तुमच्याकडं देतो, रिपोर्ट अपलोड करतो, बोलतो ऑनलाइन. लाज डॉक्टरची नाही, वेटिंगरूमची आहे.

मिरजेचा लॅबवाला
आणि छातीवर स्टेथो?

हळदीचा व्यापारी
सगळं वाचलं. मला एवढंच सांगा, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन डॉक्टर सेवेवर हे विचारता येतं का? फुकट आहे म्हणे.

कराडचा मेडिकलवाला
फुकट आहे, डॉक्टर खरा असतो, चिठ्ठी मोबाइलवर येते, औषध घरी येत नाही, आपलं आपण आणायचं. म्हणजे शेवटी काउंटरवर यायलाच लागतं. आमच्याकडं या, दुपारी दोन ते चार गर्दी नसते.