आयसीयूत औषधांचे डोस असे उलटसुलट का असतात?

तिसरीपाळी

मेडिकल वॉर्डात बरीच वर्षं काढून आता आयसीयूत बदली झाली आहे. पंप, व्हेंटिलेटर, अलार्म यांची सवय होतेय. डोकं फिरतं ते औषधांच्या चार्टवर. वॉर्डात जे तोंडपाठ होतं ते इथे कोणी पाळतच नाही असं वाटतं.

सेप्टिक शॉकचा (संसर्गाने बीपी कोसळलेला) पेशंट आला. क्रिएटिनिन (किडनी बसली की रक्तात वाढतं ते) २.८, लघवी जवळजवळ नाहीच. मला वाटलं मेरोपेनेम हे अँटिबायोटिक कमी करून लिहितील. लिहिलं पूर्ण १ ग्रॅम, आणि पहिल्या दिवसाचे पुढचे डोसही तसेच. शेजारच्या बेडवर तरुण मुलगा आहे, डोक्याला मार, क्रिएटिनिन ०.५, किडनी ठणठणीत. त्याचा डोस मात्र वाढवला. किडनी खराब त्याला पूर्ण, चांगली त्याला जास्त, मग कमी कोणाला?

दुसरं, एका पेशंटची फेनिटॉइनची (झटक्यांचं औषध) रक्तातली लेव्हल ७ आली. रिपोर्टवर नॉर्मल १० ते २०, म्हणून मी लगेच फोन केला. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवू नका, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघून सांगा. अल्ब्युमिन २ होतं. "मग ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. काय ठीक आहे?

आणि तिसरं म्हणजे बीपी टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅडची सिरिंज बदलताना बीपी हमखास ढासळतं, पाळीवर कोणीही असो.

पुस्तक वाचा असं सांगू नका. कोणीतरी समजेल असं सांगा.

---

रात्रपाळी_सिस्टर

तिसऱ्याचं आधी घेते, ते आज रात्रीच लागेल.

नॉरअ‍ॅड शरीरात दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, त्यामुळे धार तुटली की बीपी लगेच पडतं. आणि नवी सिरिंज बसवून स्टार्ट दाबलं म्हणजे औषध जायला लागलं असं नसतं. सिरिंजचा दांडा आणि पंपाचा ढकलणारा भाग यांच्यात बारीक फट राहते. ती मिटेपर्यंत पंप चालू दिसतो आणि नळीतून काही जात नाही. दर ताशी २-३ मिली असेल तर यात बराच वेळ जातो. म्हणून सिरिंज पंपात बसवल्यानंतर, पेशंटला जोडायच्या आधी पर्ज करायचं, नळीच्या टोकाला थेंब येईपर्यंत. डोस मोठा असेल तर दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज सुरू करतात आणि बीपी वर सरकायला लागलं की जुनी उतरवतात. कोणती पद्धत वापरायची ते तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल सांगेल. पण जुनी पूर्ण रिकामी होऊन अलार्म वाजेपर्यंत कुठेच थांबायचं नसतं. पुढची आधीच भरून, लेबल लावून तयार हवी.

त्या ल्युमेनमधून (कॅथेटरच्या त्या मार्गातून) दुसरं काहीही ढकलायचं नाही, फ्लशसुद्धा नाही. नळीत उभं असलेलं सगळं नॉरअ‍ॅड एका झटक्यात आत जातं आणि बीपी आभाळाला टेकतं. हाताच्या शिरेतून तात्पुरतं चालू असेल तर ती जागा सारखी बघत राहा. कातडी पांढरी, थंड दिसली तर लगेच आवाज द्या.

अजून एक. ओव्हर (आधीच्या पाळीकडून सूत्रं) घेताना "५ वर चालू आहे" एवढंच ऐकून घेऊ नका. पाच काय? मिली की मायक्रोग्रॅम? सिंगल स्ट्रेंथ संपून डबल (दुप्पट दाट) लागली आणि मिली तेवढेच राहिले तर डोस सरळ दुप्पट. मी नव्या मुलींना चार्ट वाचायला लावत नाही, सिरिंजवरचं लेबल मोठ्याने वाचायला लावते.

---

खलबत्ता

मी आयसीयूत क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. राउंडला सगळ्यात मागे उभा राहून मधेच "सर, किडनी?" विचारणारा माणूस. तेव्हा पहिला प्रश्न माझ्याच खात्यातला.

वॉर्डात आपण "किडनी खराब, डोस कमी" एवढं एकच वाक्य शिकतो, आणि त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. टाकी भरायला किती पाणी लागेल हे टाकीच्या आकारावर ठरतं. खालची तोटी किती उघडी आहे, त्यावर नंतर किती ओतत राहायचं ते ठरतं. पहिला डोस म्हणजे टाकी भरणं. त्यात किडनीचा काही संबंध नाही.

आता तुमच्या सेप्टिक शॉकच्या पेशंटची टाकी बघा. केशवाहिन्या गळताहेत, अंगावर सूज आहे, वरून लिटरच्या लिटर सलाइन गेलंय. मेरोपेनेम, पिपरॅसिलिन, अमिकासिन ही पाण्यात विरघळणारी औषधं, जिथे पाणी तिथे पसरतात. म्हणजे टाकी नेहमीपेक्षा मोठी झालेली. अशा वेळी पहिलाच डोस अर्धा दिला तर जंतू मारण्याइतकं औषध रक्तात कधी पोचणारच नाही, तेही ज्या तासांत ते सगळ्यात जास्त लागतं त्या तासांत.

पुढचे डोस पहिल्या दिवशी का कापले नाहीत? सेप्सिसमध्ये बसलेली किडनी पुष्कळदा एक-दोन दिवसांत सावरू लागते, आणि क्रिएटिनिन हा आकडा नेहमी मागून येतो. आज सकाळचं २.८ म्हणजे किडनीची कालची बातमी. किडनी सुधारू लागली तरी तो काही काळ वरच दिसतो. मेरोपेनेमसारख्या औषधाला वर बरीच मोकळी जागा असते. दिवसभर थोडं जास्त झालं तर नुकसान क्वचित, कमी पडलं तर पेशंट हातचा जातो. अमिकासिन किंवा कोलिस्टिनला ही सूट नाही. त्यांचाही पहिला डोस पूर्णच, पण दुसऱ्या डोसाच्या वेळेपासून किडनी बघावी लागते. आणि मेरोपेनेमच्या बाबतीतही अठ्ठेचाळीस तासांनी "चालू ठेवा" म्हणून पुढे जायचं नसतं. तेव्हा खरंच कापायचं, नाहीतर झटके येतात आणि सगळे मेंदूचा सीटी काढायला धावतात.

डोक्याला मार लागलेल्या मुलाचं याच्या उलट. तरुण शरीर, मोठी इजा, हृदय जोरात काम करतंय, किडनीकडे रक्ताचा लोंढा जातोय. अशांचा क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त गाळण्याचा वेग) मिनिटाला १३० मिलीच्या वर जातो आणि औषध लघवीतून भराभर वाहून जातं. गंमत अशी की रिपोर्टवर "नॉर्मल" असतं. ०.५ बघून कोणी घाबरत नाही. मी अशा पेशंटची आठ तासांची लघवी गोळा करून क्लिअरन्स मोजायला सांगतो. फक्त महिनाभर पडून असलेल्या, स्नायू झिजलेल्या पेशंटचंही क्रिएटिनिन ०.५ येतं आणि त्याची किडनी अर्धीच चालत असू शकते. आकडा तोच, अर्थ अगदी विरुद्ध. म्हणून आधी बेडवर कोण झोपलंय ते बघायचं.

फेनिटॉइन. हे औषध रक्तात सुमारे ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून असतं आणि मेंदूवर काम करतं ते उरलेलं मोकळं. लॅब दोन्ही मिळून मोजते. अल्ब्युमिन निम्म्यावर आलं की चिकटायला जागाच नाही, एकूण आकडा पडतो, पण मोकळा भाग ठीकठाक असू शकतो. एक ढोबळ सूत्र आहे. अल्ब्युमिनला ०.२ ने गुणा, ०.१ मिळवा आणि लेव्हलला त्याने भागा. तुमच्या पेशंटचं ०.२ गुणिले २ अधिक ०.१ म्हणजे ०.५. सात भागिले ०.५ म्हणजे १४. मग डॉक्टर म्हणाले ते बरोबर, ठीक आहे. डोस वाढवला असता तर पंचाईत होती, कारण लिव्हर एका मर्यादेपुढे फेनिटॉइन फोडू शकत नाही. डोस जरासा वाढवला तर लेव्हल उडी मारते.

---

आरएमओ_दुसरा

खलबत्ता सरांचं तत्त्व मान्य, पण दोन ठिकाणी मी हात वर करतो.

ते अल्ब्युमिनचं सूत्र आयसीयूत डळमळीत आहे. किडनी पूर्ण बसलेली असेल तर ०.२ च्या जागी ०.१ धरतात. मग तोच ७ चा आकडा २३ च्या पुढे जातो. एकाच पेशंटला एका हिशोबाने बरोबर आणि दुसऱ्याने विषबाधा. जिथे मोकळ्या फेनिटॉइनची तपासणी होते तिथे तीच पाठवावी, नाहीतर पेशंटकडे बघावं. आणि औषध जास्त झाल्याच्या खुणा, म्हणजे डोळे हलतात का, तोल जातो का, हे गुंगीत असलेल्या पेशंटमध्ये दिसणार कसं?

दुसरं, अँटिबायोटिक तासन्‌तास पंपावर चालवण्याचा हल्ली जो आग्रह असतो तो. २०२४ मध्ये ब्लिंग-३ ही ७,००० हून जास्त पेशंटची चाचणी आली. नव्वद दिवसांतले मृत्यू सतत इन्फ्युजनवाल्यांत २४.९ टक्के, थांबून थांबून देणाऱ्यांत २६.८. संख्याशास्त्राच्या हिशोबाने तो फरक ठाम धरता येत नाही.

आणि तिसरीपाळी ताई, तुम्ही अँटिबायोटिकचं विचारलंत, पण पेशंटला आयसीयूत अडकवून ठेवतं ते मिडाझोलम, झोपेचं औषध. त्याचा लिव्हरमध्ये बनणारा पदार्थ किडनी बसली की साठतो. पंप बंद केल्यावरही पेशंट दिवसेंदिवस डोळे उघडत नाही आणि नातेवाईक विचारतात मेंदूला काय झालं. मॉर्फिनचंही तेच, म्हणून किडनी खराब असेल तर आम्ही फेंटानिलकडे वळतो. २००० साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, १२८ पेशंटची. रोज एकदा झोपेचं औषध थांबवून जागं करून बघितलं तर व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ वर आला. नवं औषध लागलं नाही, फक्त पंपाचं बटण. सकाळी "सर, सेडेशन थांबवून बघायचं का?" हे तुम्ही सिस्टरांनी विचारलंत तर आम्हाला राग येत नाही. निदान मला येत नाही.

---

खलबत्ता

सूत्राबद्दल मान्य, म्हणूनच ढोबळ म्हटलं.

ब्लिंग-३ मध्ये संसर्ग बरा होण्याचं प्रमाण मात्र सतत इन्फ्युजनमध्ये जास्त होतं, ५५.७ विरुद्ध ५०.०. तेही सांगा की! माझं मत, लाइन मोकळी असेल तर लांबवून द्या. पण त्यासाठी नॉरअ‍ॅडच्या शेजारी गर्दी करू नका, आणि मेरोपेनेम भरून ठेवलं की फार तास टिकत नाही हे लक्षात ठेवा.

मिडाझोलमबद्दल शंभर टक्के. त्यात माझी भर एवढीच की औषध सुरू करणारे खूप असतात, बंद करणारं कोणी नसतं. व्हेंटिलेटरवर असताना अ‍ॅसिडिटीसाठी लावलेलं पँटोप्राझोल, रात्री पेशंट भडकला म्हणून दिलेली क्वेटायपिन, दोन्ही डिस्चार्ज कार्डावर जाऊन बसतात आणि मग वर्षभर घरी चालतात. उलट्या बाजूने, घरी चालू असलेलं लेव्होडोपा (पार्किन्सनचं औषध) आयसीयूत आल्यावर लिहायचंच राहतं आणि चौथ्या दिवशी पेशंट लाकडासारखा ताठ होतो. त्यावर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड पडलं तर विचारूच नका. बीटा-ब्लॉकर, स्टेरॉइड, हीही अचानक तोडायची औषधं नाहीत. शॉकमध्ये बीटा-ब्लॉकर थांबवतात ते योग्यच, पण बीपी सावरल्यावर परत कधी याचा विचार कोणाच्या तरी डोक्यात असायला हवा. नातेवाइकांकडून घरच्या गोळ्यांची पिशवी मागवा, नुसती यादी नको. यादीत ते डोळ्यांचे थेंब लिहीत नाहीत आणि पट्टीने लावायचं औषध तर कधीच नाही.

---

तिसरीपाळी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रात्री सिरिंज पर्ज करून लावली, बीपी पाच-सातपेक्षा जास्त हललं नाही.

अजून दोन शंका. फेनिटॉइन राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणारी नळी) देताना फीड, म्हणजे नळीने दिलं जाणारं अन्न, थांबवायला सांगतात, त्याने दिवसाच्या कॅलरी कमी पडतात. आणि तो डोक्याला मार लागलेला मुलगा, त्याला व्हॅल्प्रोएट (हेही झटक्यांचं औषध) चालू आहे. मेरोपेनेम सुरू झाल्यानंतर आज पहाटे दोनदा झटका आला. आता व्हॅल्प्रोएट वाढवायचं बोलणं चाललंय.

---

खलबत्ता

दुसरं आधी, आणि वाचल्याबरोबर ड्युटी डॉक्टरांना फोन करा. मेरोपेनेम व्हॅल्प्रोएटची लेव्हल पाडतं, एखाद्या दिवसातच आणि अर्ध्याहून खाली. डोस वाढवून ती भरून निघत नाही, म्हणून वाढवण्यात अर्थ नाही. पर्याय दोनच, जंतू चालू देत असेल तर दुसरं अँटिबायोटिक, नाहीतर झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटामसारखं दुसरं औषध. मात्र त्याचाही डोस त्या मुलाच्या धावत्या किडनीप्रमाणे ठरवायला सांगा, नेहमीचा कमी पडेल. व्हॅल्प्रोएटची लेव्हल पाठवा, पण रिपोर्टसाठी थांबू नका. आणि मेरोपेनेम संपल्यावरही लेव्हल वर यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, हे हँडओव्हरमध्ये लिहून ठेवा.

फेनिटॉइनच्या डोसाआधी आणि नंतर फीडला एक-दोन तासांची सुट्टी लागते, नाहीतर शोषण खूप कमी होतं. शिरेतून देता येत असेल तर तसं विचारा, पण फक्त नॉर्मल सलाइनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात. मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर वेग नको आणि मॉनिटरवर नजर हवी. ट्यूबनेच द्यायचं असेल तर डाएटिशियनला सांगा, उरलेल्या तासांत फीडचा दर वाढवून कॅलरी बसवून देतात. गोळ्या कुटताना हळूहळू सुटणारं, लाँग-अ‍ॅक्टिंग काही आहे का ते आधी मला विचारा, मी चारपर्यंत युनिटमध्येच आहे.