ब्राउन काउंटी स्टेट पार्कमध्ये घोड्यांसह मुक्काम: रात्री घोडी बांधायची कशी?

कार्मेलची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या उत्तरेला कार्मेलला राहतो. लेक नववीत आहे, फोर-एच या मुलांच्या संघटनेत घोडेस्वारी करते. तिची स्वतःची क्वार्टर हॉर्स जातीची एक घोडी आहे. ऑक्टोबरात पानं रंगली की ब्राउन काउंटीच्या जंगलात घोडीसह राहायला जायचं, असा तिचा हट्ट आहे. सोबत तिची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचा वयस्कर, शांत गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा. मी घोड्यावर बसत नाही. ट्रेलर चालवते, आणि दोन्ही मुलींची जबाबदारी माझ्यावर आहे.

दिवसाची धास्ती नाही. मुली हेल्मेटशिवाय खोगिरावर बसत नाहीत, आणि तिथल्या वाटांना खुणा आहेत. काळजी आहे ती रात्रीची. आमची घोडी रोज तबेल्यात, आपल्या कप्प्यात झोपते. तिथे तिला बांधायचं कुठे आणि कसं? चारा-पाणी किती न्यायचं? कागदपत्रं कोणती? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

तापीकाठचा

ताई, तुम्ही नेमकी योग्य गोष्ट विचारलीत. लोक तिथल्या सुमारे सत्तर मैल घोडेवाटांबद्दल विचारतात. घोडा अंधारात दहा तास कसा उभा राहणार, हे कुणी विचारत नाही.

माझं गाव शहादा तालुक्यात, सारंगखेड्याजवळ. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी उघड्यावर घोडी उभी असतात, अगाडी-पिछाडी लावून. म्होरकीचे दोर पुढच्या मेखांना, मागच्या पायांचे दोर मागच्या मेखांना. ती जनावरं शिंगरू असल्यापासून त्याला सरावलेली असतात. तुमच्या घोडीला पिछाडी लावली तर ती पहिल्याच तासात पाय कापून घेईल. त्यामुळे मेखा आणि पायातले दोर डोक्यातून काढून टाका.

इथली पद्धत हायलाइनची. दोन जाड, जिवंत झाडांच्या खोडांभोवती रुंद पट्टे गुंडाळायचे आणि त्या पट्ट्यांना दोर ताणून बांधायचा. दोर घोडीच्या डोक्याच्या वर हवा, किमान सात फूट, आणि ढिला पडता कामा नये. त्याला खाली लोंबणारा कासरा एवढाच लांब ठेवा की जमिनीवरचं गवत तिच्या तोंडाला लागेल, पण पाय दोरात अडकणार नाही. आडव्या दोरावर गाठी किंवा कड्या अशा अडकवा की कासरा सरकत झाडापर्यंत जाणार नाही. दोन घोड्यांमध्ये इतकं अंतर हवं की लाथ पोचणार नाही. आणि गाठ एका झटक्यात सुटणारी मारा. दोन्ही मुलींना ती डोळे मिटून सोडता आली पाहिजे.

झाडाला थेट बांधायला बहुतेक पार्कांत मनाई आहे, आणि ती मला मनापासून पटते. कंटाळलेला घोडा रात्रभर खुरांनी माती उकरतो, मुळं उघडी पाडतो, साल कुरतडतो. खोडाची साल सगळीकडून गेली की झाड मरतं. आपण चार दिवस राहून परत येतो, ते झाड तिथेच उभं असतं. जागा पक्की करतानाच विचारून घ्या की तिथे दोर झाडांना लावायची परवानगी आहे, की खांब दिलेले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं आधी घरी करा. तबेल्याच्या मालकांना विचारून आवारात हायलाइन लावा. पहिल्यांदा दिवसा काही तास, मग संध्याकाळ, मग पूर्ण रात्र, आणि तुम्ही जवळ गाडीत झोपा. ती शांतपणे खाते का, पाणी पिते का, एक पाय सैल सोडून डुलकी घेते का, हे बघा. घेत नसेल तर मुलीला समजावून सांगा की यंदा फक्त दिवसाची सैर. पंधरा वर्षांच्या मुलीला हे ऐकणं जड जातं, पण घोडी तिची आहे, तर घोडीचा विचार तिनेच आधी करायला हवा.

पाणी दिवसाला वीस ते चाळीस लिटर धरा. नवं पाणी वासामुळे घोडे पीत नाहीत, आणि पाणी कमी पडलं, वर कोरडं गवत खाल्लं, की पोटशूळ उठतो. घरचं थोडं पाणी न्या, किंवा जायच्या आठवड्यात तिच्या पाण्यात सफरचंदाचा रस घालायची सवय लावा म्हणजे तिथेही चव तीच लागेल. गवत वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे हजार पौंडांच्या घोडीला रोज पंधरा-वीस पौंड. ते तिच्या रोजच्याच गंजीतलं न्या. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवू नका.

पिओरियाहून

तापीकाठच्या दादांनी बांधणीचं सांगितलं, मी कागदांचं सांगते. आम्ही इलिनॉयमधून येतो, त्यामुळे पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि बारा महिन्यांच्या आतली निगेटिव्ह कॉगिन्स चाचणी लागते. ही चाचणी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची. रक्त पिणाऱ्या मोठ्या माशांमधून तो पसरतो आणि त्यावर ना लस आहे ना उपचार. तुम्ही इंडियानातल्याच आहात, तरी चाचणीचा कागद गाडीत ठेवाच. शेजारी बांधलेल्या अनोळखी घोड्यांसाठीही तो महत्त्वाचा. शिवाय राज्याच्या पार्कांत प्रत्येक घोड्यामागे टॅग घ्यावा लागतो.

जळण घरून नेऊ नका. एमराल्ड ॲश बोअरर या किड्याने इकडची ॲशची झाडं संपवली, आणि तो मुख्यतः लाकडातून गावोगाव गेला.

ओहायोची_माळीण

एक भर घालते. ऑक्टोबरात गळलेली, कोमेजलेली रेड मेपलची पानं घोड्याच्या रक्तपेशी फोडतात. हायलाइनखाली पडलेली पानं रोज झाडून काढा, आणि वाऱ्याने मेपलची पानं उडून येतील अशा बाजूला घोडी बांधू नका.

दुसरं, सावलीत पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके दिसले तर तिकडे चरू देऊ नका. ते व्हाइट स्नेकरूट. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने खराब होतात. गाईने ते खाल्लं की विष दुधात उतरतं. अब्राहम लिंकनची आई 1818 मध्ये इंडियानातच अशा दुधाच्या आजाराने गेली, असं मानतात.

कार्मेलची_आई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! लेकीला सगळं वाचून दाखवलं. शनिवारी तबेल्यात दोर लावून बघतोय. तिच्या मैत्रिणीचे वडील म्हणतात की बॅटरीवरचं विजेचं कुंपण जास्त सोयीचं, घोडी मोकळी फिरेल. तुम्हाला काय वाटतं?

तापीकाठचा

घरच्या कुरणात जरूर. अनोळखी जंगलात पहिल्या मुक्कामाला नको. हरणांचा कळप रात्री अंगावरून गेला तर बिथरलेला घोडा कुंपणाची ती पातळ पट्टी तोडून जातो, आणि मग अंधारात रस्त्यावर घोडा शोधायची वेळ येते.

ट्रेलरबद्दल: उत्तरेच्या प्रवेशाजवळ 1838 चा छप्पर असलेला लाकडी पूल आहे, त्याच्या छपराखालची उंची जेमतेम नऊ फूट. तिकडून येऊ नका. घोड्यांचं कॅम्पग्राउंड वेगळं आहे. आरक्षण करताना हॉर्समन्स कॅम्पग्राउंड हेच निवडा, आणि नकाशा आधीच मागवून ठेवा, कारण सायकलच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांवर घोडे नेता येत नाहीत. शनिवारी घोडी कशी उभी राहिली ते इथे लिहा. नीट राहिली नाही तर दोराची उंची आणि कासऱ्याची लांबी मोजून सांगा, मी बघून सांगतो.