युती, आघाडी, बाहेरून पाठिंबा: नेमका फरक काय?

शंका: बातम्यांत युती, आघाडी, संमिश्र सरकार हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. निवडणुकीआधी जुळली तर युती आणि निकालानंतर जुळली तर आघाडी, असा काही नियम आहे का?

उत्तर: नाही. १९९९ साली महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले, २००४ साली निवडणुकीआधीच. नाव दोन्ही वेळा आघाडीच. ‘युती’ हा ग्रहांच्या युतीमुळे ओळखीचा शब्द. १९८९पासून तो शिवसेना-भाजपला इतका चिकटला की जवळजवळ विशेषनाम झाला. ‘आघाडी’ रूढ व्हायला आणखी एक कारण आहे. हिंदीतला ‘राष्ट्रीय मोर्चा’ (१९८९) किंवा ‘संयुक्त मोर्चा’ (१९९६) मराठीत तसाच चालला नसता, कारण आपल्याकडे मोर्चा रस्त्यावर निघतो. मतमोजणीच्या बातमीत मात्र जपा. ‘आघाडीला आघाडी’ असे लिहिण्यापेक्षा ‘आघाडी पुढे’ लिहावे.

भर: ‘संमिश्र सरकार’ म्हणजे ज्याच्या मंत्रिमंडळात एकाहून जास्त पक्ष आहेत ते. युती-आघाडी हे पक्षांमधल्या समझोत्याचे नाव. बाहेरून पाठिंबा देणारा पक्ष सरकारला मते देतो, पण त्याचे मंत्री नसतात, म्हणून मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी त्याच्यावर येत नाही. हा आधार किती ठिसूळ, ते आकड्यांत दिसते. १९८९ साली जनता दलाकडे १४३ जागा होत्या आणि बाहेरून टेकू देणाऱ्या एकट्या भाजपकडे ८५. भाजपने पाठिंबा काढल्यावर नोव्हेंबर १९९०मध्ये सरकार कोसळले. उलट, जुलै २००८मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढूनही मनमोहनसिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले. आणि एकाच पक्षाचे, पण बहुमत नसलेले सरकार (१९९१मधले नरसिंह राव यांचे) हे ‘अल्पमतातले सरकार’. त्याला आघाडी सरकार म्हणणे चूक.

उपप्रश्न: मग ‘निवडणूकपूर्व’ हे विशेषण लावले नाही तर बिघडते का?

उत्तर: बिघडते, आणि इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. त्रिशंकू, म्हणजे कोणालाच स्पष्ट बहुमत नसलेल्या, सभागृहात राज्यपालांनी सरकार बनवायला कोणाला आधी बोलवावे, याचा केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सुचवलेला क्रम असा: प्रथम निवडणूकपूर्व आघाडी; मग इतरांचा पाठिंबा मिळवलेला सर्वात मोठा पक्ष; मग सगळे घटक सरकारात सामील होणारी निकालोत्तर आघाडी; शेवटी काही घटक आत, काही बाहेर अशी आघाडी. एक विशेषण गाळले की वाचकाला पहिली आणि तिसरी पायरी वेगळी ओळखता येत नाही. बहुमताची परीक्षा मात्र सभागृहातच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई खटल्यातल्या १९९४च्या निकालाने पक्के केले. तिथे हजर राहून मत देणाऱ्यांचेच बहुमत मोजतात, म्हणून ‘तटस्थ’ आणि ‘गैरहजर’ यांनीही लागणारा आकडा खाली येतो. वाजपेयी सरकार १९९९ साली २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले.

उपप्रश्न: ‘आघाडीचा व्हिप’ (व्हिप म्हणजे मतदान कसे करावे याचा पक्षादेश) हा प्रयोग बरोबर आहे का?

उत्तर: नाही. राज्यघटनेतले पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट (१९८५) पक्ष ओळखते, आघाडी नव्हे. प्रत्येक घटकपक्ष आपापला पक्षादेश काढतो. त्यामुळे आख्खा घटकपक्ष बाहेर पडला तर कोणी अपात्र ठरत नाही. एकट्या आमदाराने आदेश मोडला तर ठरू शकतो. ‘एक तृतीयांश फूट’ (पक्षाचे एवढे सदस्य एकत्र फुटले तर अपात्रता नाही) हे जुने संरक्षण २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने गेले, दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याचे उरले. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली: महाराष्ट्रात २८८ जागांवर मुख्यमंत्र्यांसह ४३. खातेवाटपात महामंडळांची अध्यक्षपदे एवढी मोलाची होतात ती यामुळेच.

भर: ‘कडबोळे’ आणि ‘मोट’ हे शब्द अग्रलेखात शोभतात, बातमीत नकोत, त्यात मत आधीच दडलेले असते. ‘त्रिशंकू’सुद्धा जपून. २०२४ साली एकट्या भाजपला २४० जागा मिळाल्या, म्हणून काहींनी लोकसभा त्रिशंकू म्हटली. पण भाजपच्या निवडणूकपूर्व राष्ट्रीय लोकशाही आघाडीकडे (रालोआ) २९३ जागा होत्या आणि ५४३च्या सभागृहात बहुमत २७२वर होते. तिथे ‘कोणत्याही एका पक्षाला बहुमत नाही’ एवढेच लिहिणे अचूक.