प्रश्न नसलेला प्रकल्प

शाळेतला प्रकल्प म्हणजे पालकांना लावलेला गृहपाठ, आणि साठ मुलांच्या वर्गात तो नीट जमतही नाही, असं तुम्ही म्हणता. पहिलं मान्य. स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणायची, रात्री आईने कातरकाम करायचं, सकाळी वही जमा. यात मुलांपुढे प्रश्नच नसतो, मग ती शोधणार काय?

मुंबईत तर प्रश्नांना तोटा नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक कसा, इथून सातवीच्या वर्गाला सुरुवात करून द्या. मग पाऊस मोजायला सरळ बाजूंची बाटली, पट्टी आणि रोज सकाळी साडेआठला नोंद. (वेधशाळाही २४ तासांचा पाऊस साडेआठलाच मोजते, त्यामुळे आकडे ताडून बघता येतात.) बाटलीचा तळ खोलगट असतो, तो खडे आणि पाण्याने भरून वर शून्याची रेघ ओढावी लागते. हे मात्र मुलांनाच सुचू द्यावं, दोन दिवस आकडे चुकले तरी चालतील. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एवढं कळलं की शाळेच्या गच्चीवर किती पाणी पडलं, हे त्यांनाच मोजावंसं वाटेल.

राहिला साठ मुलांच्या वर्गाचा मुद्दा. पाच-सहा जणांचे गट करायचे आणि नोंदवही वर्गातच ठेवायची, घरी न्यायचीच नाही.