मिनएसडीके २४ की २६? जुन्या अँड्रॉइडला कुठवर सांभाळायचे

सुपरकॉरिडॉर

इंदूरात सियागंजचे ठोक किराणावाले आणि छावणीतले धान्याचे दलाल यांच्यासाठी ऑर्डर घ्यायची, बिल करायची ॲप्स बरेच जण बनवतात. अशा ॲपचे मिनएसडीके, म्हणजे ॲप चालायला लागणाऱ्या सर्वांत जुन्या अँड्रॉइडचा एपीआय क्रमांक (२४ म्हणजे अँड्रॉइड ७.०, २६ म्हणजे ८), आता २६ करावे, म्हणजे अँड्रॉइड ८ च्या खालचे फोन सोडून द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

सगळ्यात मोठे कारण प्रमाणपत्राचे. सर्व्हरवर त्याची ओळख पटवणारे लेट्स एन्क्रिप्टचे फुकट प्रमाणपत्र असेल तर त्याचे मूळ, आयएसआरजी रूट एक्स१, फोनमध्ये अँड्रॉइड ७.१.१ पासूनच आहे. त्याआधीचे फोन एका जुन्या क्रॉस-साइनच्या (दुसऱ्या, जुन्या मूळ प्रमाणपत्राने दिलेल्या सहीच्या) जोरावर चालत होते, तिची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. आता ७.० च्या फोनवर हँडशेकच (सुरक्षित जोडणीची सुरुवातच) होत नाही. लॉगमध्ये 'ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड' येते, पण दुकानदाराला दिसते 'इंटरनेट नाही'. कारण एसएसएलची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, चूकसुद्धा नेटवर्कच्या इतर चुकांसारखी आयओएक्सेप्शनच असते आणि बहुतेक ॲप्स सगळ्या आयओएक्सेप्शनना एकच संदेश लावून मोकळी होतात. मग तो बिचारा वायफाय बंद-चालू करत बसतो.

शिवाय नोटिफिकेशन चॅनल (सूचनांचे गट) २६ पासून आले, जावाचे नवे तारीख-वेळ वर्ग २६ पासून आले. खाली उतरलात की प्रत्येक ठिकाणी 'बिल्ड.व्हर्जन.एसडीके_इंट' तपासणारा एक इफ वाढतो, आणि त्या इफची दुसरी बाजू कोणी कधी चालवून बघत नाही.

रामबागकर

प्रमाणपत्राचा मुद्दा खरा आहे, पण निष्कर्ष पटत नाही. ७.० साठी उपाय दहा मिनिटांचा आहे. आयएसआरजी रूट एक्स१ ची पेम फाइल रेस/रॉ मध्ये ठेवा, नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगच्या ट्रस्ट-अँकर्समध्ये ती आणि 'सिस्टम' अशा दोन्ही नोंदी करा, मॅनिफेस्टमधून ती एक्सएमएल जोडा. 'सिस्टम'ची नोंद विसरलात तर मात्र पेमेंट गेटवे आणि नकाशे बंद पडतील, कारण मग फक्त तुमचे एकच मूळ विश्वासाचे राहते. ही सोय एपीआय २४ पासूनच आहे. २३ वर ती फाइल वाचलीच जात नाही, तिथे ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीला स्वतःचा ट्रस्टमॅनेजर द्यावा लागतो. म्हणून सीमा घालायचीच तर ती २४ वर घाला. २६ ला तांत्रिक आधार नाही.

तारखांसाठी कोअर लायब्ररी डिशुगरिंग, म्हणजे नवे जावा वर्ग जुन्या फोनवर चालवायची सोय, चालू करा. ग्रेडलमध्ये दोन ओळी, ॲप थोडे जड होते, बस. चॅनलसाठी गुगलच्या अँड्रॉइडएक्स लायब्ररीतले 'नोटिफिकेशनचॅनलकॉम्पॅट' आणि 'नोटिफिकेशनमॅनेजरकॉम्पॅट' वापरले की इफ तुमच्या कोडमध्ये येतच नाही. खालच्या फोनवर चॅनल बनवायची हाक गपचूप सोडून दिली जाते. अँड्रॉइडएक्सने स्वतःची पायरी २०२५ मध्ये २१ वरून २३ वर नेली, म्हणजे २४ पर्यंतचा भार ते लोक उचलतच आहेत.

माझे म्हणणे असे, की मोडतोड खालून होत नाही, वरून होते. गेल्या काही वर्षांत ॲप्स आडवी पडली ती टार्गेटएसडीके, म्हणजे ॲप कुठल्या अँड्रॉइडचे नियम पाळते तो क्रमांक, वाढवल्यावर. ३१ केले की पेंडिंगइंटेंटवर इम्यूटेबल किंवा म्यूटेबलचा झेंडा नसेल तर अँड्रॉइड १२ वर ॲप कोसळते. ३३ केले की सूचनांची परवानगी आपण मागायची, आणि दोनदा नाकारली की तो चौकोन पुन्हा येतच नाही. ३५ केले की अँड्रॉइड १५ वर पडदा कडेपासून कडेपर्यंत पसरतो आणि 'बिल जतन करा'चे बटण खालच्या नेव्हिगेशनच्या पट्टीखाली जाते. यातले एक तरी संकट मिनएसडीके २६ केल्याने टळते का?

जेलरोड

रामबागकर, ३५ चे ते बटण सुधारायला दोन वाटा आहेत आणि लोक चुकीची धरतात. थीममध्ये 'विंडोऑप्टआउटएजटूएजएन्फोर्समेंट' टाकून सुटका करून घेतात. टार्गेट ३६ केल्यावर अँड्रॉइड १६ वर ती पळवाट चालत नाही. त्यापेक्षा 'एनेबलएजटूएज' ही हाक सगळ्याच आवृत्त्यांवर मारावी आणि खालच्या बटणाला विंडोइन्सेट्सचे पॅडिंग द्यावे. मग अँड्रॉइड ७ आणि १५ वर मांडणी एकाच नियमाने चालते.

सुपरकॉरिडॉर

पण मग सगळ्या आवृत्त्यांवर तपासावेही लागते. तोच तर माझा मुद्दा आहे!

टार्गेट वाढवल्याने मोडतोड होते हे मान्य. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्लेवर नवे ॲप किंवा अपडेट टाकायला ३५ लागतेच, त्यात आपला इलाज नाही. म्हणून तर खालचे ओझे कमी करा म्हणतो. वरून दरवर्षी एक मजला चढतो आहे. तळमजला तसाच ठेवायचा आणि तपासणाऱ्या माणसाचे तास मात्र तेवढेच, हे जमत नाही.

आणि वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आतला ब्राउझर? पेमेंटचे पान ॲपच्या आत वेबव्ह्यूत उघडत असेल तर अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ च्या पुढे जात नाही, आणि ७ ते ९ वर वेबव्ह्यूचे काम क्रोमच करतो. ब्राउझरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या जिथे थांबल्या आहेत तिथे दुकानाचे पैसे फिरवायचे का?

रामबागकर

या तर्काने २६ वर तरी कसे थांबता? अँड्रॉइड ८ आणि ९ वर क्रोम १३८ शेवटचा, १३९ ला अँड्रॉइड १० लागते. म्हणजे तुमचा नियम पाळायचा तर मिनएसडीके २९ करा. तेवढी तयारी आहे का, ते सांगा. पैशाचे पान वेबव्ह्यूत उघडूच नये हा वेगळा आणि योग्य मुद्दा आहे. यूपीआयचा इंटेंट पाठवा, म्हणजे काम दुसऱ्या ॲपकडे सोपवा, फोनपे किंवा गुगल पे आपापल्या सुरक्षेचे बघतील. इंटेंटने परत आणलेला निकाल खरा मानू नका, सर्व्हरवर पडताळा, एवढी काळजी घ्या.

छावणीवाली

तुम्ही दोघेही मिनएसडीकेच्या आकड्यावर अडून आहात. खर्च आकड्याने ठरत नाही, आपण कुठली वाट निवडतो त्याने ठरतो. दोन कामे जवळून बघा.

पहिले, बिलाची पीडीएफ. मीडियास्टोअरच्या डाउनलोड्समध्ये जतन करायची म्हटली तर ती जागा २९ पासून आहे. खाली राइट एक्स्टर्नल स्टोरेजची परवानगी, मॅनिफेस्टमध्ये तिला मॅक्सएसडीके २८, रनटाइमला विचारणे, नाकारले तर काय करायचे ते. म्हणजे दोन पूर्ण वाटा. त्याऐवजी 'ॲक्शन क्रिएट डॉक्युमेंट' वापरा. ते एपीआय १९ पासून आहे, परवानगी लागत नाही, मुनीमजी स्वतः फोल्डर निवडतात. आणि खरे तर बिल जतन करायचे नसते, व्हॉट्सॲपवर पाठवायचे असते. त्यासाठी कॅशमध्ये फाइल लिहा, फाइलप्रोव्हायडरने यूआरआय द्या, इंटेंटला 'ग्रँट रीड'चा झेंडा लावा. सगळ्या आवृत्त्यांवर एकच कोड. साधा 'फाइल'ने सुरू होणारा यूआरआय दिलात तर २४ पासून फाइलयूआरआयएक्सपोज्डएक्सेप्शन येते.

दुसरे, ब्लूटूथचा थर्मल प्रिंटर. गल्ल्यावर ५८ मिलिमीटरच्या कागदाचे असतात ते. ॲपमधूनच प्रिंटर शोधायचा ठरवला तर अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ स्कॅन आणि कनेक्ट या दोन रनटाइम परवानग्या, १० आणि ११ वर अचूक स्थानाची परवानगी आणि वर जीपीएसही चालू हवे. 'बिल छापायला लोकेशन कशाला?' हा प्रश्न दुकानदार विचारणारच, आणि नाही म्हणणार. त्यापेक्षा प्रिंटर फोनच्या सेटिंगमध्ये एकदा जोडायला सांगा आणि ॲपमध्ये फक्त जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवा. मग १२ च्या वर एकच कनेक्टची परवानगी, खाली जुनी ब्लूटूथची नोंद मॅक्सएसडीके ३० लावून. लोकेशन पूर्ण गेले. फांद्या दोनच उरल्या, आणि मिनएसडीकेला हातही लावला नाही.

म्हणून मी रामबागकरांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे. आधी अशी वाट शोधा जी सगळीकडे चालते. ती नसेल तेव्हाच इफ लिहा.

सुपरकॉरिडॉर

छावणीवाली, पीडीएफचे तुमचे म्हणणे मान्य. प्रिंटरची दुसरी बाजूही बघा. एम्युलेटरवर ब्लूटूथ प्रिंटर धड तपासता येत नाही, खरा फोनच लागतो, आणि अँड्रॉइड ७ चा धड बॅटरीचा फोन आज कुठून आणायचा?

जेलरोड

जुन्या फोनच्या दुकानांतून मिळतात, पण सगळ्या आवृत्त्यांचे घेऊ नका. वागणूक जिथे बदलते त्या कडांचे घ्या. तुमची खालची पायरी कुठलीही असो, तो एक. मग २८ किंवा २९ पैकी एक स्टोरेजसाठी, ३० चा एक जुन्या ब्लूटूथसाठी, ३१ च्या वरचा एक, ३३ च्या वरचा एक, आणि ३५. ३३ चा फोन ३१ चेही काम करतो, म्हणजे पाचांत भागते. बाकीच्यांना एम्युलेटर पुरतो. आणखी एक, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करून बिल भरता भरता व्हॉट्सॲपवर जाऊन परत या. अर्धे बिल गायब होत असेल तर दोष आवृत्तीचा नाही, २ जीबी रॅमचा आणि तुमच्या न जपलेल्या स्टेटचा आहे. हे लोक हमखास 'जुन्या अँड्रॉइडचा बग' म्हणून नोंदवतात.

नारायणबाग

वरून मोडतोड होते या रामबागकरांच्या मुद्द्याला एक भर. टार्गेटला हात न लावता नुसते कम्पाइलएसडीके (ॲप ज्या एसडीकेवर बांधतो तो क्रमांक) ३५ केले तरी जुने फोन पडतात. कॉटलिनमध्ये म्यूटेबल लिस्टवर 'रिमूव्हफर्स्ट' आणि 'रिमूव्हलास्ट' लिहिलेले असते. ३५ मध्ये जावाच्या लिस्टमध्येच याच नावाच्या पद्धती आल्या, म्हणून कम्पायलर कॉटलिनच्या एक्स्टेन्शनऐवजी त्यांना धरतो. अँड्रॉइड १५ वर सगळे सुरळीत. १४ आणि त्याखाली नोसचमेथडएरर. म्हणजे यात अँड्रॉइड ७ चा फोन पडतो तसा दोन वर्षांचा फोनही पडतो, आणि मिनएसडीके ३४ केले तरी सुटका नाही.

उपाय सोपा आहे, 'रिमूव्हॲट'ला ० द्या किंवा लास्टइंडेक्स द्या. फक्त रिकाम्या यादीवर आता नोसचएलिमेंटऐवजी इंडेक्सआउटऑफबाउंड्स येईल, त्यामुळे जुने कॅच ब्लॉक तपासा. लिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा न्यूएपीआय नियम हे पकडतो. पण 'ॲबॉर्टऑनएरर' फॉल्स केलेले असेल किंवा बेसलाइन फाइलमध्ये जुने दोष पुरलेले असतील तर तो बिल्ड अडवणार नाही. ज्यांना २४ ठेवायचे आहे त्यांनी आधी लिंट चालू करावे, मगच वाद घालावा.

आयफोनवर हा वाद एवढा पेटत नाही, तिथे लोक आवृत्ती लवकर चढवतात आणि आवृत्ती तपासणारी 'अव्हेलेबल'ची अट स्विफ्टचा कम्पायलर स्वतःच मागतो, न लिहिल्यास बिल्डच होत नाही. अँड्रॉइडवर तेच काम लिंटकडे आहे, आणि लिंट बंद करता येतो.

सुपरकॉरिडॉर

बरे, २६ चा हट्ट मी इतपत सैल करतो. आकडा ठरवायच्या आधी प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये एसडीके_इंट पाठवा आणि ३० दिवस ऑर्डरच्या रकमेवर मोजा. प्ले कन्सोलच्या 'रिच अँड डिव्हाइसेस'मध्ये फोन मोजले जातात, ऑर्डर नाहीत. एका फोनवरून दिवसाला दोनशे पोत्यांची मागणी येत असेल आणि तो अँड्रॉइड ७ चा असेल, तर तो सोडता येणार नाही हे मलाही कळते. पण अशा ऑर्डर नसतील, तर २४ धरून बसायचे कारण उरत नाही.

छावणीवाली

हे मान्य. सोडायचे ठरले तरी ज्यांच्या फोनवर ॲप आहे त्यांच्याकडे ते तसेच राहते, फक्त अपडेट येत नाही. म्हणून सर्व्हरवरचा जुना एपीआय बंद करू नका. आणि जुने बंडल (प्लेवर चढवलेली ॲपची फाइल) त्याच रिलीजमध्ये राखून ठेवले तर २४-२५ वाल्यांना नव्यानेही बसवता येते.

नारायणबाग

राखताना व्हर्जनकोडमध्ये, म्हणजे बंडलच्या चढत्या क्रमांकात, मोकळी जागा सोडा. दोन बंडल बसण्यासारखी असली की प्ले मोठ्या कोडचे देते. जुने १०४ आणि नवे १०५ असेल, आणि उद्या जुन्यात दुरुस्ती करून १०६ टाकलेत, तर २६ च्या वरच्या फोनलाही जुनेच लागू पडते आणि नवे पूर्ण झाकले जाते म्हणून कन्सोल अडवतो. जुन्याला २४०००० ची मालिका द्या, नव्याला २६०००० ची.