मदत हवी आहे: मोझलीचा आलेख दहावीच्या मुलांना कसा समजवायचा?
मंडळी, दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. कोबाल्टचं अणुवस्तुमान 58.93, निकेलचं 58.69, मग आवर्तसारणीत कोबाल्ट आधी का, यावर गाडी अडलीये. 1913 मध्ये हेन्री मोझलीने एकेका मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली, तिचं वर्गमूळ अणुअंकासमोर (म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येसमोर) मांडलं आणि जवळजवळ सरळ रेषा आली. कोबाल्ट 27, निकेल 28, वाद मिटला! (हा पठ्ठ्या 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत वयाच्या 27व्या वर्षी गेला. ऐकून मुलं गप्पच झाली.)

पण ‘वर्गमूळच का?’ याला बोरचं (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं) सूत्र मध्ये न आणता काय उत्तर द्यावं? कुणी खरे आकडे देऊन मुलांकडूनच आलेख काढून घेतला असेल, तर कोणती मूलद्रव्यं निवडली तेही सांगा. मराठीत काही तयार असेल तर सोन्याहून पिवळं.